पिवळा म्हणजे कोणता पिवळा?

ओसरीवर बाज टाकलेली, बाजेवर आठ बाय बाराचे तीन फोटो. मामांनी पहिला उचलला, आधी उलटा केला, कागदाची पाठ बघितली, कडेवरून अंगठा फिरवला आणि मग कुठे सुलटा धरला. हिंगोलीत स्टुडिओ चालवण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस फोटोची पाठ आधी बघतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

“कागद चांगला वापरलाय,” एवढंच बोलले. बाकीचं मी समजले.

पहिल्या फोटोत सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावरची पहाट होती. दुसऱ्यात औंढ्याच्या नागनाथ मंदिराची बाहेरची भिंत. तिसऱ्यात मामांच्याच खळ्यावर वाळत घातलेली हळद आणि तिच्यामागे सूप घेऊन बसलेली मामी. लॅपटॉपवर हे तिन्ही असे झळकत होते की शहरातल्या एका लॅबला फाइली पाठवतानाच मी मनात फ्रेमा निवडून ठेवल्या होत्या. छापून आले ते राख भुरभुरल्यासारखे. अंधारलेले, फिकुटलेले, मामीचा चेहरा मात्र भलताच गोरा.

सिद्धेश्वर औंढा नागनाथ तालुक्यात येतं. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, दोन्ही धरणं १९६८ सालची. हा सगळा मुलूख हळदीचा. उन्हाळा तोंडावर आला की शिजणाऱ्या हळदीची वाफ आणि तो कडवट-मातकट वास गावोगाव असतो. स्टुडिओला कुलूप लावल्यावर मामा इथे शेतावर येऊन राहिले. मी परभणीला बँकेत. गेल्या दिवाळीत कॅमेरा घेतला, रॉ फाइलींविषयी मिळेल ते वाचलं आणि रंग मोजता येतो या मताला येऊन पोचले. मामांचं मत याच्या बरोबर उलटं. त्या दिवशी सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत आमचं जे चाललं ते आठवतं तसं लिहिते आहे. त्यातली माझी वाक्यं लिहिताना थोडी शहाणी झाली असतील. मामांची तशीच आहेत.

मामा : आधी मला हे सांग, तुमचं रॉ म्हणजे आमची निगेटिव्हच ना?

मी : लोक तसंच समजावतात, पण निगेटिव्हमध्ये रंग असतो, उलटा का होईना. रॉमध्ये रंगच नसतो, मामा. सेन्सरवर कोट्यवधी बारीक घरं असतात. प्रत्येक घर फक्त उजेड किती आला ते मोजतं. घरावर एकाच रंगाची काच, लाल, हिरवी नाहीतर निळी. चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळी. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ मध्ये पेटंट मिळालं, आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे. लाल काचेच्या घराला हिरवा किती होता ते कळत नाही. ते शेजारच्या घरांवरून काढायचं.

मामा : म्हणजे तीनातले दोन रंग अंदाजपंचे.

मी : हिशोबाने काढलेला अंदाज.

मामा : अंदाजाला हिशोब म्हणायचं हे बँकेत शिकवतात वाटतं!

मी : पण तो हिशोब पुन्हा मांडता येतो, हाच तर फायदा. जेपीईजी काढला की कॅमेरा स्वतःच सगळं ठरवून मोकळा होतो. रंग किती तापट, सावल्या किती गडद, धार किती, सगळं. उरलेला माल फेकून देतो. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात. चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४ असतात. पहाटेचं आभाळ जेपीईजीमध्ये थोडं उजळायला गेलं की त्याला पट्टे पडतात. रॉमध्ये पडत नाहीत.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग उठून घरात गेले आणि कणगीच्या बाजूला ठेवलेल्या पोत्यातून एक हळकुंड घेऊन आले. दोन्ही हातांत धरून कट्कन मोडलं.

मामा : हिंगोलीच्या मार्केटला हळद नेली की व्यापारी वरून बघत नाही. मोडून बघतो. आवाज कसा येतो, आतला रंग कसा आहे. वरचं पॉलिश कुणीही आणतं. तुझ्या कॅमेऱ्याच्या पाठीवर जो फोटो दिसतो तो पॉलिश केलेलं हळकुंड आहे, असंच ना?

असंच. इतकं नेमकं मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. रॉ काढला तरी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतो तो आत दडवलेला छोटा जेपीईजी. उजेडाचा आलेख, म्हणजे हिस्टोग्रामसुद्धा, त्याच जेपीईजीचा. आणि हळदीच्या फोटोत मला नडलं ते हेच. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा मिळून. टळटळीत उन्हात हळदीवर लाल आधी भरून वाहतो. कॅमेऱ्याचा एकत्र आलेख मात्र मुख्यतः हिरव्यावर बेतलेला, तो म्हणतो सगळं ठीक आहे. झेंडूचा ढीग, लग्नातला लाल शालू, गुलाल, सगळीकडे हीच गंमत. लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे आलेख दाखवायची सोय कॅमेऱ्यात असते, ती चालू करायची आणि लाल उजव्या भिंतीला टेकला की उजेड अर्धा-पाऊण स्टॉप कमी करायचा. माझ्या नशिबाने रॉमध्ये माल शिल्लक होता. जेपीईजीत हळदीचा नुसता पिवळा पोतेरा झाला होता, रॉमधून गड्ड्यांवरच्या सुरकुत्या परत आल्या.

मी हे मोठ्या विजयाने सांगत होते तेवढ्यात मामी आली. तिने फोटो हातात घेतला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“काय बाई ही हळद! लग्नातली आणून टाकली का?”

मला कळेना.

“अगं, ही नुसती शिजवून वाळत घातलेली. पॉलिश कुठं झालीय अजून? मातकट असती ती. आत पिवळी, वरून मातीच्या रंगाची.”

मामांनी काही न बोलता फोटो माझ्यापुढे सरकवला. रंग मोजता येतो म्हणणारी मी. मोजून घेतलेला रंग मला पुरेसा हळदीसारखा वाटला नाही, म्हणून सॅच्युरेशनची पट्टी पार पुढे ओढली होती. मनात हळदीचा एक पिवळा पक्का बसलेला होता आणि समोरच्या हळदीला मी तो नेसवला होता.

मामा : एवढं मनाला लावून घेऊ नको. आम्ही काय करायचो? काळापांढरा फोटो धुवायचा आणि वर ब्रशने रंग द्यायचा. गालाला गुलाबी, साडीला गिऱ्हाइक सांगेल तो. एका बाईंनी लुगडं हिरवं सांगितलं, नवरा म्हणाला जांभळं होतं. दोन फोटो करून दिले. दोघं खूश.

मी : मग तुम्हाला मला हसायचा हक्कच नाही.

मामा : आहे की. मला ठाऊक होतं मी रंग देतोय. तुला वाटत होतं तू मोजतेयस.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी पहाटेच्या फोटोकडे वळले. इथे तरी माझी बाजू पक्की होती. करड्या रंगाचं कार्ड मी सोबत नेलं होतं. त्याचा एक फोटो आधी काढायचा, मग सॉफ्टवेअरमध्ये त्या कार्डावर टिचकी मारायची की त्या उजेडातला करडा खराखुरा करडा होतो आणि बाकीचे रंग त्याच्या मागोमाग जागेवर येतात. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नुसती नोंद म्हणून असतो, भाजून पक्का केलेला नसतो, त्यामुळे हे मागाहून कितीदाही करता येतं.

मामा : केलंस तसं?

मी : तिन्ही फोटोंना.

मामा : आणि पहाटेची दुपार झाली.

खरंच झाली होती. सूर्य वर यायच्या आधीचा तो निळा-तांबूस उजेड कार्डाने धुऊन पुसून स्वच्छ केला होता. कार्डाचं कामच ते. उजेडाचा रंग काढून टाकायचा आणि वस्तूचा ठेवायचा. पण पहाटेच्या फोटोत उजेडाचा रंग हाच फोटो असतो. हळदीच्या, मामीच्या, कापडाच्या, दागिन्याच्या फोटोला कार्ड हवं. पहाटेला, दिवेलागणीला, चुलीच्या उजेडाला नको. तिथे सरळ ऊन म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपास ठेवून द्यावं आणि मग डोळ्यांना पटेल तिकडे थोडं सरकवावं. हे वाक्य लिहिताना ‘डोळ्यांना पटेल’ असं मी लिहिलं, हे मामांना सांगणार नाही.

चहा झाला. मग मूळ गुन्हा. फोटो काळे का आले?

मामांनी मला लॅपटॉप आणायला लावला. मी तो ओसरीवर उघडला आणि त्यांनी शेजारी छापलेला फोटो धरला. लॅपटॉपचा उजेड शंभर टक्क्यांवर होता.

मामा : हा कंदील आहे, पोरी. हा स्वतः जळतो. कागद बिचारा दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. कंदिलाची बरोबरी कागदाने करायची कशी?

मी : त्यासाठी कॅलिब्रेटर मिळतो. पडद्याला चिकटवायचं छोटं यंत्र. ते रंग मोजतं आणि पडद्याला वळण लावतं. पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड दर चौरस मीटरला १०० कँडेलाच्या आसपास. नवा लॅपटॉप सहज याच्या तिप्पट जळत असतो. त्यावर बघून आपण फोटो गडद करत जातो, कारण डोळे दिपलेले असतात. छापल्यावर ते काळं पडतं.

मामा : तुझ्याकडे आहे ते यंत्र?

मी : घेणार आहे.

मामा : म्हणजे नाही. तोवर काय, हात बांधून बसायचं? कोरा कागद आण.

त्यांनी छपाईचा पांढरा कागद पडद्याच्या बाजूला, खिडकीतून येणाऱ्या सावलीतल्या उजेडात धरला. पडद्यावर पांढरं पान उघडलं. मग दोन्ही पांढरे जवळपास सारखे वाटेपर्यंत मला उजेड कमी करत न्यायला लावला. पट्टी पस्तीस टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. मग फोटो उघडला आणि मी दचकले. पडद्यावरचा फोटो छापलेल्याइतकाच काळा दिसत होता. काळेपणात लॅबचा काहीच हात नव्हता. मी काळा पाठवला होता, त्यांनी काळा छापला होता. शिवाय रात्री काम करताना डोळ्यांना त्रास नको म्हणून लॅपटॉपचा नाइट लाइट चालू ठेवलेला होता. तो पडद्यावर पिवळी झाक आणतो. ती झाक घालवायला मी पहाटेचा फोटो निळा करत बसले होते.

कॅलिब्रेटर लागतोच, या मताची मी अजून आहे. कागद धरून उजेडाचं माप जमतं, रंगाचं जमत नाही. डोळा पाच मिनिटांत कोणत्याही पांढऱ्याला पांढरं म्हणायला लागतो. पण पहिल्याच महिन्यात यंत्र विकत घ्यायचं की पहिल्या महिन्यात पडद्याची पट्टी खाली ओढायची, असं कुणी नवशिक्याने विचारलं तर मी मामांची पद्धत आधी सांगेन.

काळेपणाचा खटला निकाली निघाला तरी फिकुटलेपणा उरलाच होता. त्याचं कारण मला त्याच वेळी कळलं आणि सांगायची लाज वाटली. एक्स्पोर्ट करताना मी अडोबी आरजीबी निवडलं होतं. मोठं ते चांगलं, एवढाच विचार.

मामा : हे काय असतं?

मी : मापं. तुम्ही म्हणालात तुमच्याकडे आठ पायली धान्य आहे, आणि मी ते आठ किलो धरलं, तर?

मामा : तर मी बुडालो.

मी : आकडा तोच, माप वेगळं. फाइलीत लाल २००, हिरवा १५०, निळा ४० असे आकडे असतात. कोणत्या मापातले २००, ते सांगणारी चिठ्ठी फाइलीला जोडलेली असते. तिला प्रोफाइल म्हणतात. एसआरजीबी हे छोटं माप, १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेलं. साधे पडदे, फोन, बहुतेक लॅबा त्याच मापाने चालतात. अडोबी आरजीबी १९९८ चं, त्यात जास्त भडक हिरवे-निळे मावतात. मी मोठ्या मापातले आकडे पाठवले. लॅबच्या मशीनने चिठ्ठी वाचलीच नाही, सगळे आकडे छोट्या मापातले धरले. म्हणून रंग विझले.

मामा : चूक कुणाची?

मी : चिठ्ठी त्यांनी वाचायला हवी होती.

मामा : आणि तू विचारायला हवं होतंस.

सरळ आहे. लॅबला विचारायचं, बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, एसआरजीबी जेपीईजी द्या. मग तेच द्यायचं, प्रोफाइल जोडून. रॉ आणि त्यावरचं आपलं काम मोठ्या मापात आपल्याजवळ राहतंच, छपाईची प्रत फक्त छोट्या मापात काढायची. कॅमेऱ्याच्या मेनूतली एसआरजीबी-अडोबीची निवड फक्त जेपीईजीला लागू असते, रॉला तिचं काही देणंघेणं नाही. हे कळायला मला चार महिने लागले. आकाराचा हिशोब त्यामानाने सोपा. इंचाला ३०० ठिपके धरले तर आठ बाय बाराला २४०० गुणिले ३६०० पुरतात, म्हणजे शहाऐंशी लाख. हल्लीच्या कुठल्याही कॅमेऱ्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. त्यावर भांडणारे भांडोत.

मापांचं ऐकून मामांना भलतंच काही आठवलं. त्यांच्या उमेदवारीच्या काळातल्या एका छापखान्याचं. चार रंगांच्या चार प्लेटा, एकेक रंग वेगळा चढायचा, एखादी केसभर सरकली की देवाला दोन नाकं.

मामा : फाळके कोण होते, सांग बरं.

मी : सिनेमावाले.

मामा : त्याआधी?

त्याआधी दादासाहेब फाळके फोटोग्राफर होते, ब्लॉकमेकर होते, छापखानावाले होते. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं होतं. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावला निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका चित्रासाठी दगडांची चळत लागायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं आणायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीला गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून चार वर्षं होती. लाल, पिवळा आणि निळा एकमेकांवर नेमके बसवण्यासाठी बोट धरणारा माणूस आपण फक्त पडद्यापुरता लक्षात ठेवला.

मामा : ते लोक शाईचा पहिला हात कागदावर काढून बघायचे. मग दुसरा. प्रूफ बघितल्याशिवाय हजार प्रती कुणी काढत नसे. तू एकदम आठ बाय बारा मागवलेस, तेही तीन.

मी : सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट प्रूफ असतं. लॅबने किंवा कागदाच्या कंपनीने दिलेलं प्रोफाइल निवडलं की हा फोटो त्या कागदावर कसा दिसेल ते पडद्यावर दिसतं.

मामा : कंदिलावर.

मी : कंदिलावर. पण कुठला रंग कागदाला झेपणार नाही, ते तरी आधी कळतं.

औंढ्याच्या भिंतीचा फोटो इथे कामाला आला. खाली कोरीव काळा दगड, वर नंतरच्या काळातलं उजळ बांधकाम, त्यावर दुपारचं ऊन. पडद्यावर काळ्या-पांढऱ्यात हजारपटीचं अंतर असू शकतं. चकचकीत कागदावर ढोबळमानाने २००, मॅट कागदावर पन्नासच्या आसपास. म्हणजे दगडातल्या सावलीत मला दिसत असलेली कोरीव माणसं कागदावर एकाच काळ्यात बुडणार, हे सॉफ्ट प्रूफने आधीच सांगितलं असतं. तिथे सावल्या थोड्या उचलून द्याव्या लागतात. किती उचलायच्या, ते आधी ठरवलेल्या आकड्याने नाही ठरत. कागदाचं नाव घेऊनच ठरतं. मामा मॅट कागदाच्या विरोधात आहेत. मला मॅट आवडतो. तो वाद इथे देत नाही, तो अजून चालू आहे.

घरच्या प्रिंटरवर छापणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ऐकावी. रंगाची जबाबदारी एकतर फोटोच्या सॉफ्टवेअरवर टाकायची नाहीतर प्रिंटरच्या ड्रायव्हरवर. दोघांनाही कारभार दिला की दोघंही तोच रंग आपापल्या परीने दुरुस्त करतात आणि चेहरे विटकरी होतात. सॉफ्टवेअरमध्ये कागदाचं प्रोफाइल निवडलं तर ड्रायव्हरमध्ये रंगाची दुरुस्ती बंद.

जेवणं झाली. ऊन कलल्यावर मामांनी तिसरा फोटो दारात नेला, मग आत नळीच्या दिव्याखाली, मग देवघराच्या पिवळ्या बल्बखाली. तीन ठिकाणी मामी तीन रंगांची दिसली. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं द्रव्य घातलेलं असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते उजळतं, घरातल्या एलईडीखाली झोपून जातं. मोजमापाच्या जगात यावर उत्तर आहे, ठरावीक रंगाच्या दिव्याखालीच प्रूफ तपासायचं. मामांचा प्रश्न असा होता की फोटो लागणार देवघराच्या भिंतीवर, मग त्या दिव्याखाली का नाही तपासायचा?

पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट कायम होती. मामी गोरी होती. हे माझ्या फाइलीत नव्हतं. लॅबमध्ये बसलेल्या ऑपरेटरने, सवयीने, ‘करेक्शन’ केलं होतं.

मी : हे मला चालणार नाही. मामीचा रंग हा नाही.

मामा : त्याने वाईट हेतूने नाही केलं. शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं काउंटरवर म्हणतात, जरा उजळ करा. मी सुद्धा केलंय. नाही केलं तर म्हणायचे, फोटो काळा काढला.

मी : म्हणून न विचारता करायचं?

मामा : विचारलं तर लाजतात ना. तोंडाने मागायला लाज, मनात पाहिजेच.

मी त्यांना शर्ली कार्डाची गोष्ट सांगितली. कोडॅक लॅबना रंग जुळवायला एका बाईच्या फोटोचं कार्ड द्यायची. तिची कातडी नीट दिसली की मशीन बरोबर. बाई गोरी. सावळ्या चेहऱ्यांचं त्या मशिनीत काय होतं, हे बरीच वर्षं कुणी तपासलंच नाही. मामांच्या हिंगोलीच्या स्टुडिओतून गेलेले रोल शेवटी ज्या मशिनीतून निघायचे त्यांची ही वंशावळ. मामा ऐकत राहिले. “आम्हाला वाटायचं, फिल्मच तशी असते,” एवढंच म्हणाले. इथे मी त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही आणि त्यांनीही ते पुढे रेटलं नाही. फाइलीसोबत ‘नो करेक्शन’ असं स्पष्ट लिहून द्यायचं, हे दोघांनाही कबूल. पण त्याची दुसरी बाजू मामांनी लगेच दाखवली: मग चूक झाली तर ऑपरेटरच्या माथी मारता येणार नाही.

मामीला विचारलं, तुला कुठला आवडतो, पडद्यावरचा की कागदावरचा? तिने गोऱ्या चेहऱ्याचा फोटो उचलला आणि कपाटात साडीच्या घडीत ठेवून दिला.

संध्याकाळी मामांनी डार्करूममधली टेस्ट स्ट्रिप समजावली. एनलार्जरखाली कागदाची पट्टी ठेवायची, पुठ्ठ्याने झाकत झाकत वेगवेगळे सेकंद उजेड द्यायचा, धुवायची, आणि निकाल ओल्या पट्टीवर लावायचा नाही. ओला फोटो उजळ दिसतो, वाळला की एक पायरी उतरतो. इंकजेटलाही काही वेळ द्यावाच लागतो, शाई पूर्ण वाळेपर्यंत रंग थोडा हलतो. मी म्हटलं, हे आपण तसंच करू. आठ बाय बाराचं एक पान, त्यावर हळदीच्या फोटोच्या सहा पट्ट्या. पहिली आहे तशी. मग उजेड एक तृतीयांश स्टॉप वाढवलेली, दोन तृतीयांश वाढवलेली. मग त्याच तिन्ही, रंग थोडा थंड करून. पट्टीच्या कोपऱ्यात फोटोतच नंबर. एसआरजीबी, प्रोफाइल जोडलेलं, ‘नो करेक्शन’. एका प्रिंटच्या पैशात सहा. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही; डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट मिळतात, मी डार्कटेबलवरच केलं.

मामा : आणि सगळ्या पट्ट्यांत तोंड आणि हळद दोन्ही पाहिजेत. नुसत्या हळदीवर ठरवलंस तर बाई बिघडेल.

पान यायला दहा-बारा दिवस गेले. मी पुन्हा सिद्धेश्वरला. मामांनी पाठ बघितली, कड बघितली, मग उलटं-सुलटं करून पान दारात नेलं. त्यांनी तीन नंबर निवडला, मी दोन. एक तृतीयांश स्टॉपचा फरक. मी म्हटलं, माझा दोन नंबर खळ्यावरच्या हळदीच्या जास्त जवळ आहे, ते मातकटपण आलंय. मामा म्हणाले, तीनमध्ये तुझ्या मामीच्या डोळ्यांत उजेड आहे.

मामीला हा वाद पटेना. “एवढं काय त्यात,” म्हणत ती आत गेली आणि मूठभर हळकुंडं आणून तिने थेट पानावर ठेवली, एकेका पट्टीवर एकेक. आम्ही दोघं वाकून बघायला लागलो. एकही जुळत नव्हतं, हळद मधल्या काळात पॉलिश होऊन आली होती.